टेन्शन आलं, टेन्शन घेतलं, टेन्शन दिलं

आज एका शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द इंग्रजी आहे, पण जिनं शाळेचं तोंड पाहिलं नाही त्या आजीच्याही तोंडात तो आहे. टेन्शन.

उचल फिटली नाही, टेन्शन. कापसाला भाव नाही, टेन्शन. बोअर घेतला आणि धूळ निघाली, टेन्शन. पोरीला स्थळ येईना, टेन्शन. नवरा पिऊन येतो, टेन्शन. पाळी चुकली, टेन्शन. आणि गॅसची टाकी संपली, त्याचंही टेन्शनच. बाजारात भेटलेल्या बाईला विचारलं, "कसं काय माय, बरं हाय का?" की ती म्हणते, "काय सांगू, टेन्शनच टेन्शन." आपण मान हलवतो, ती मान हलवते, आणि दोघी आपापल्या वाटेनं जातो. तिला काय झालंय ते आपल्याला कळलेलं नसतं.

आपल्या आज्यांकडं यासाठी एक शब्द नव्हता, पुष्कळ होते. लेक पहिलटकरीण आहे आणि सासरी लांब आहे, तर तिचा घोर लागायचा. सावकार दारात येणार, तर त्याची धास्ती असायची. घरात दहा माणसं, शेतात खुरपणी आणि पाणी दोन कोसांवर, तर नाकी नऊ यायचे. भावाची बाजू घ्यावी तर नवरा रागावतो आणि नवऱ्याची घ्यावी तर माहेर तुटतं, म्हणजे इकडं आड तिकडं विहीर. निकाल लागेपर्यंत जीव टांगणीला. यातला कुठलाही शब्द उच्चारला की ऐकणारीला निम्मी गोष्ट कळायची. घोर म्हटलं की दूरचं माणूस, धास्ती म्हटलं की समोरचं माणूस. टेन्शन म्हटलं की एवढंच कळतं, काहीतरी आहे.

म्हणून हा शब्द टाकून द्या असं मी म्हणणार नाही. त्याची सोय मोठी आहे. सासू शेजारी बसलेली असताना सून "मला धास्ती वाटते" असं कसं म्हणेल? लगेच प्रश्न येईल, कुणाची? पण "टेन्शन आहे" असं ती म्हणू शकते. शब्द शहरी आहे, डॉक्टरही वापरतो, टीव्हीवरही आहे, कुणाला झोंबत नाही. डोक्यावरून पदर घ्यावा तसा तो आहे. त्याच्याआड बाई थोडी का होईना बोलते. लेस्ली जो वीव्हर नावाच्या एका अमेरिकन अभ्यासक बाईंनी दिल्लीत शुगरचा आजार असलेल्या बायकांशी बोलून पुस्तक लिहिलं, २०१९ साली आलं ते. त्याचं नावच 'शुगर अँड टेन्शन'. म्हणजे बीडच्याच काय, दिल्लीच्या बाईलाही घरातलं दुखणं सांगायला हाच शब्द सापडला.

मूळ इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ओढ, खेच. दोरी दोन्हीकडून ओढली की तिच्यात जे येतं ते टेन्शन. विजेच्या मोठ्या तारांना आपण हाय टेन्शन म्हणतो ते याच शब्दावरून, तिथं त्याचा अर्थ विजेचा दाब. आणि आपला ताण हा शब्द त्याचा दूरचा भाऊबंद आहे, संस्कृतातला ताणण्याचा धातू आणि लॅटिनमधला ओढण्याचा धातू एकाच जुन्या मुळातून आलेले आहेत.

ताण शब्द शेतकरणीला नवा नाही. ज्यांच्याकडं मोसंबी आहे त्यांना माहीत आहे, बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं. हलक्या रानात कमी दिवस, भारी रानात जास्त. पानं पिवळी पडायला लागली, थोडी गळाली, की ताण बसला असं समजायचं आणि पाणी सोडायचं. पाणी सोडायला उशीर झाला तर झाडच वाळतं. आता यात बघा, ताण कोण देतं ते ठाऊक आहे, कशासाठी देतं ते ठाऊक आहे, आणि किती दिवस द्यायचा तेही मोजलेलं आहे. बाईच्या टेन्शनचं यातलं काहीच कुणी मोजत नाही.

आता मुख्य गोष्ट. टेन्शन या शब्दापुढं आपण कोणतं क्रियापद लावतो तिकडं लक्ष द्या. तीन लावतो. टेन्शन आलं. टेन्शन घेतलं. टेन्शन दिलं.

टेन्शन आलं, म्हणजे पाऊस आला, ताप आला, तसं. आभाळातून आलं, कुणी आणलं नाही. बाई स्वतःबद्दल बोलते तेव्हा बहुतेक वेळा असंच बोलते. कुणाचं नाव घ्यायला नको, कुणाशी वाकडं नको.

टेन्शन घेतलं, हे दुसरे आपल्याबद्दल म्हणतात. "तू फार टेन्शन घेतेस." "उगं टेन्शन घेऊ नको." बोलणारा मायेनंच बोलतो, मी नाही म्हणत नाही. पण वाक्याचा अर्थ बघा. ओझं रस्त्यात पडलं होतं, तू वाकून उचललंस, आता खाली ठेव. म्हणजे चूक तुझी. घरात दोन लाखांचं कर्ज आहे, कर्ज कुणी काढलं, कशाला काढलं तिला माहीत नाही, वसुलीवाला तिला विचारतो, आणि घरचे सांगतात टेन्शन घेऊ नको. तिनं घेतलेलंच नाही ते. पोरं तर आता "लोड घेऊ नको" म्हणतात, तोच प्रकार.

टेन्शन दिलं, हे तिसरं. हे बायका क्वचित म्हणतात. पुरुष म्हणतात, "घरी आलो की बायको टेन्शन देते." बाईच्या तोंडून ऐकू येतं ते लेकराबद्दल, "हे पोरगं लई टेन्शन देतंय." मोठ्या माणसाबद्दल नाही. कारण दिलं म्हटलं की देणारा आला. कुणी दिलं, कधी दिलं, किती दिलं, सगळे प्रश्न मागं येतात.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, टेन्शन आलं असं कुणी म्हटलं की मनातल्या मनात वाक्य बदलून बघा. आलं की दिलं? दिलं असेल तर कुणी? एवढं केलं तरी पुढची वाट दिसते, कारण दुष्काळाचं टेन्शन आणि वसुलीवाल्याचं टेन्शन यांचा इलाज एक नाही.

वसुलीचंच घेऊ. गटाचं रजिस्टर काढून बघा. गैरहजर राहिल्याचं कारण काय लिहिलंय? "घरगुती अडचण." हप्ता थकल्याचं कारण? "घरगुती अडचण." हा टेन्शनचाच मराठी भाऊ. त्या दोन शब्दांखाली आजारपण असतं, मारहाण असते, आणि हल्ली बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या मायक्रोफायनान्स कंपनीचा हप्ता असतो. एकीचा भरायला दुसरीकडून उचलायचं, दुसरीचा भरायला तिसरीकडून. बाई म्हणते, हप्त्याचं टेन्शन आलंय. तिला विचारा, कोणती कंपनी, किती शिल्लक, माणूस किती वाजता आला, कुठं आला, काय बोलला.

हे विचारायचं कारण असं की यातल्या प्रत्येक गोष्टीला नियम आहे. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्स कर्जाचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं बिनतारण कर्ज त्यात येतं. घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम सगळ्या कर्जांच्या हप्त्यात मिळून जाता कामा नये. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. वसुली ठरलेल्या जागी करायची, घरी यायचं ते बाई त्या जागी लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आली नाही तरच. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा सोबत काम करणाऱ्यांना त्रास, नाव जाहीर करून बेअब्रू, हे काहीही चालत नाही. आधी कंपनीकडं लेखी तक्रार करायची, दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेकडं जायचं. तिथं कसं जायचं हे विचारायला १४४४८ हा नंबर आहे.

आता "मला हप्त्याचं टेन्शन आलंय" या वाक्यावर तक्रार होत नाही. "मंगळवारी रात्री ८ वाजता दोन माणसं घरी आली आणि पैसे मिळेपर्यंत उठणार नाही म्हणाली," या वाक्यावर होते. कर्ज माफ होत नाही, ते फेडायचंच आहे. पण रात्रीची बैठक मारायचा अधिकार त्यांना कुणी दिलेला नाही, आणि हे दहा जणींना माहीत असलं की अकरावीच्या दारात बसायला माणूस धजत नाही.

दवाखान्यात हा शब्द आणखी घोटाळा करतो. रक्तदाब वाढतो त्याला इंग्रजीत हायपरटेन्शन म्हणतात. तिथं टेन्शन म्हणजे रक्ताच्या नळीच्या भिंतीवरचा दाब, मनातलं ओझं नव्हे. पण नावातच टेन्शन आलं, त्यामुळं आपल्याकडं पक्कं बसलंय की बीपी म्हणजे टेन्शनचा आजार. मग पोरीचं लग्न पार पडलं, टेन्शन मिटलं, म्हणून बाई गोळी बंद करते. बीपी वाढलेलं असताना पुष्कळदा काहीच जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. गोळी बंद करायची की नाही हे मोजून, डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

उलटीकडूनही तसंच. बाई डॉक्टरांना सांगते, टेन्शन आहे, अंगात ताकद नाही. ते सलाईन लावतात, ताकदीच्या गोळ्या देतात. त्यांना तरी दुसरं काय कळणार? तीन आठवडे झाले पहाटे तीनला जाग येते, भूक मेली, लेकरू जवळ आलं तरी नकोसं वाटतं, असं सांगितलं तर डॉक्टरांना वेगळंच काही ऐकू येतं. हा आजार असू शकतो, त्याला उपचार आहेत, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराची सोय आहे. शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या १४ जिल्ह्यांत सरकारनं प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आपला बीड जिल्हा आहे. आशाताईनं दारात येऊन झोपेबद्दल विचारलं तर "टेन्शन हाय जरा" म्हणून तिला परत पाठवू नका. बसवा, चहा द्या, सांगा.

आणि अडचण या शब्दाचं तर आपल्या जिल्ह्यानं फार मोठं मोल दिलंय. आपल्याकडं अडचण म्हणजे पाळीसुद्धा. "मला अडचण आहे" म्हटलं की बाया समजून घेतात. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, पाळीत जास्त जातं, हे सगळं अडचण याच एका शब्दात. दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून कारखान्यावर जायचं. पहाटे उसात, डोक्यावर मोळी, कोपीत ना न्हाणी ना संडास. आजारी पडून घरी राहिलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीवर चढतात. मग ही अडचण दर महिन्याचं टेन्शन होते. आणि टेन्शन म्हटलं की ते मिटवून टाकायचं असतं. "पिशवी काढली की टेन्शन मिटलं," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय.

२०१९ साली हा विषय विधिमंडळात गेला. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी दवाखान्यांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्याचं सरकारनं सभागृहात सांगितलं. नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहा जणींत एक. त्यात पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या पुष्कळ. कुणाला कॅन्सर होईल म्हणून भीती घातलेली, कुणी खाड्याला कंटाळलेली. त्यानंतर आपल्या जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली.

हे एका शब्दामुळं झालं असं मी म्हणत नाही. पैशामुळं झालं, मुकादमाच्या हिशोबामुळं झालं, उसाच्या फडात साधं न्हाणीघर नसल्यामुळं झालं. पण अंगावरून पांढरं जाणं हा बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होणारा आजार असतो. बाईनं दवाखान्यात जाऊन "पांढरं जातं, वास येतो, खाज आहे, पंधरा दिवस झाले" असं सांगितलं तर तिला गोळ्या मिळायची शक्यता जास्त. "अडचण आहे, लई टेन्शन झालंय, एकदाचं मिटवा," असं सांगितलं तर काय मिटवायचं ते समोरचा ठरवतो. कमी वयात पिशवी गेली, सोबत बीजकोषही काढले, तर हाडं लवकर झिजतात, अंगातून वाफा निघतात. हे आधी विचारायचं असतं, आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला लाज वाटू द्यायची नसते. सरकारी दवाखान्यात दाखवून या, मग ठरवा.

कायद्याचं थोडक्यात सांगते. "सासरचे टेन्शन देतात," असा अर्ज घेऊन बाई पोलीस ठाण्यात गेली तर तिला बऱ्याचदा समजूत घालून परत पाठवतात. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्यात मारहाण आहे, लैंगिक जबरदस्ती आहे, शिव्या-अपमान-टोमणे आहेत, आणि पैशाची कोंडीही आहे. घरखर्चाला पैसे न देणं, अंगावरचं सोनं विकून टाकणं, घरात येऊ न देणं, हे सगळं त्यात बसतं. टेन्शन हा शब्द तेवढा त्यात नाही. म्हणून तारीख, वार, कोण काय बोललं, कोण हजर होतं, हे सांगायचं. संरक्षण अधिकाऱ्याकडं गेलं की ते घटनेचा अहवाल लिहून घेतात. त्यांचा पत्ता अंगणवाडीताईकडून मिळेल. लिहिता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या पोरीकडून वहीत लिहून घ्या, झालं त्याच दिवशी. वकील परवडत नाही असं म्हणू नका. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नंबर १५१००.

आता एक जड गोष्ट. कधीकधी "टेन्शन आलंय" याचा अर्थ "मला जगायचं नाही" असा असतो. आपल्या जिल्ह्यात नवऱ्यानं जीव दिलेल्या बाया आहेत. त्यातल्या पुष्कळजणी सांगतात, आदल्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, जरा टेन्शन आहे. त्यांचा दोष नाही, शब्दच असा आहे, त्यावरून गॅसची टाकी की फवारणीची बाटली ते कळत नाही. म्हणून माणूस नेहमीसारखं दिसत नसेल तर सरळ विचारायचं, जीव नकोसा झालाय का? मरायचे विचार येतात का? विचारल्यानं त्याच्या डोक्यात ते भरत नाही, उलट ज्याच्या डोक्यात आहे त्याला बोलायला जागा मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, फवारणीचं औषध घरातून हलवायचं, आणि टेली-मानसला फोन लावायचा. नंबर १४४१६. हा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, रात्रंदिवस लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्या वेळी समोर बसून "टेन्शन घेऊ नका" एवढं सांगून उठायचं नाही.

गटाच्या बैठकीत हे कसं करायचं, असं काही जणी विचारतील. सगळ्यांसमोर कुणाला खोदून विचारू नका, बाई मिटते. बैठक संपली, चटई झाडायची वेळ आली, की जिच्या नावापुढं "घरगुती अडचण" लिहिलंय तिच्या घरी एक जण जा. टेन्शन शब्द तिचा तिला म्हणू द्या. मग थोडं थांबा. लगेच धीर द्यायची घाई करू नका, आपल्याला ती सवयच आहे. "म्हंजे काय झालं माय?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. पहिल्यांदा ती काहीच नाही म्हणेल. दुसऱ्यांदा जा.

रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या आत हे नंबर लिहून ठेवा. जीव नकोसा झाला तर १४४१६. मारहाण, जिवाला धोका असेल तर ११२, बायकांच्या मदतीसाठी १८१. वकील १५१००. वसुलीची तक्रार १४४४८. आणि ज्या बाया दसरा झाला की कारखान्यावर निघतात त्यांनी निघण्याआधी ते कागदावर उतरवून कपड्यांच्या बोचक्यात ठेवावेत. फोन नवऱ्याकडं असतो, कोपीवर चार्जिंगची सोय असेलच असं नाही. निदान दोन तरी पाठ करा, १४४१६ आणि ११२.